स्वामीबाईंचे रक्तदाते

माणूस समोर आला की स्वामीबाईंची नजर आधी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला जायची. शीर नीट दिसते का, एवढंच त्या बघायच्या. चेहरा नंतर, नाव त्याच्याही नंतर. केजहून माजलगावला त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत रुजू झालो त्या सकाळी मी नेमणुकीचा कागद पुढे केला. बाईंनी कागदाकडे न बघता माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "गट कोणता?"

"बी पॉझिटिव्ह."

"बरं. गर्दीतला हायस," त्या म्हणाल्या. "बस. च्या घे."

ठेंगणी, सावळी बाई. कपाळावर विभूतीची पुसट रेघ आणि खाली कुंकू, साडीवर पांढरा कोट, कोटाच्या बाह्या नेहमी दुमडलेल्या. पन्नाशी जवळ आलेली, पण जिना चढताना पुढे त्या आणि मागे मी. मी त्यांना बाई म्हणायचो, त्या मला माधव म्हणायच्या आणि रागावल्या की 'माधवराव'.

आमचा दवाखाना मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, व्यापाऱ्यांनी काढलेल्या एका धर्मादाय संस्थेचा. बाळंतपणं, अपघात, विंचूकाटा, सगळं तिथं यायचं. रक्तपेढी मात्र जिल्ह्याच्या गावी. तिथून बाटली आणायला जीप पाठवली तर ती येईस्तोवर निम्मा दिवस जायचा, आणि रक्त वाहणाऱ्या माणसाजवळ निम्मा दिवस नसतो. म्हणून बाईंनी गावातली आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं जमवून ठेवली होती. गरज पडली की निरोप जायचा, माणूस यायचा, बाई त्याला तपासायच्या, रुग्णाशी रक्त जुळवायच्या आणि मगच त्याला आडवं करायच्या.

हा निरोप कसा जायचा ते आजच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. सलाइनच्या बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये बाईंनी प्रत्येक दात्याचं एक कार्ड ठेवलं होतं. नाव, गट, मागच्या वेळी कधी रक्त दिलं ते, आणि खाली गाठायचं कसं ते. स्वतःचा फोन असणारे थोडे. बाकीच्यांचे पी. पी. नंबर, म्हणजे शेजारच्या दुकानदाराचा नाही तर गल्लीतल्या एखाद्या मोठ्या घरचा फोन. तिथं सांगायचं आणि त्यांनी हाक मारून बोलवायचं. काही कार्डांवर बाईंच्या अक्षरात सूचना असायच्या. 'दुपारी फोन करू नये, दुकानदार झोपतो.' 'निरोप बायकोला द्यावा. आईला देऊ नये, आई सोडत नाही.' मी नवीन असताना दुपारचं काम संपलं की ही कार्डं वाचत बसायचो. माजलगाव मला त्या खोक्यांमधून कळलं.

दात्यांशी त्यांचं नातं एका बाटलीपुरतं नव्हतं. त्यांच्या घरच्या लग्नांना बाई हमखास जायच्या. आहेर करायच्या, पंगतीला बसायच्या आणि वाढणाऱ्याचा हात बघून विचारायच्या, "तू कुणाचा रे? कधी रक्त दिलंस का?" रक्त देऊन उठलेल्या माणसाला त्या घरून आणलेला राजगिऱ्याचा लाडू द्यायच्या आणि तो पुरता खाल्ल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. त्यांचे यजमान शाळामास्तर होते, हसतमुख गृहस्थ, पण सुईचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा. कुणी त्यावरून चेष्टा केली की बाई शांतपणे म्हणायच्या, "त्यांचं कार्ड मी केलेलं न्हाई. भीती वाटती त्या माणसाला कावून छळायचं?"

मी रुजू झाल्यावर दोनेक वर्षांत गाव भराभर बदलू लागलं. बसस्टँडसमोर एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले, मोंढ्यात हप्त्यावर मोटारसायकली मिळू लागल्या, आणि नवीन टेलिफोन एक्स्चेंज आलं. घरोघर फोन आले त्याचा सगळ्यांना आनंद होता. फक्त जुने नंबर गेले. ज्या दुकानदाराला फोन लावायचो तिथं भलताच माणूस बोलायचा. त्यातच कुणी पुण्याला कामाला गेलेलं, कुणी लग्न होऊन परगावी. बाई कार्डांवर खाडाखोड करत राहिल्या. पण एक दिवस असा आला की त्यानंतर त्यांनी खाडाखोड सोडली.

ट्रकखाली सापडलेला एक माणूस आणला होता. बाईंनी अंकुश नावाच्या एका ड्रायव्हरचं कार्ड काढलं आणि त्याच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत फोन लावला. गिरणीचा मालक नवीन होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं अंकुशच्या आईलाच बोलावून आणलं. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण बाईंचा चेहरा दिसत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "माय, मला ठावं नव्हतं." फोन ठेवला, दुसरं कार्ड काढलं, दुसरा माणूस बोलावला आणि काम पुरं केलं.

संध्याकाळी त्या मला घेऊन अंकुशच्या घरी गेल्या. दिवाळीच्या आधी तो गाडीवरच वारला होता. म्हातारीनं आम्हाला घोंगडी टाकून बसवलं. बाई माफी मागायला लागल्या तर म्हातारी म्हणाली, "माफी कशाची? तुमी त्याला हाक मारली. मला वाटलं, कुणाच्या तरी हिशेबात पोरगं अजून हाय." उठताना बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

परत येताना रस्त्यात त्या म्हणाल्या, "माधव, आपली कार्डं खोटं बोलायला लागली. आज एका आईशी बोलली. उद्या एखाद्या मरणाऱ्या माणसाशी बोलतील."

दुसऱ्याच दिवशी त्या काशिनाथअप्पांच्या आडतीवर गेल्या. अप्पा संस्थेचे अध्यक्ष, धान्याचे मोठे व्यापारी, मनानं मोकळे आणि स्वभावानं उतावळे. त्यांच्या आडतीवर नुकताच संगणक आला होता. बाईंनी तसाच एक दवाखान्याला मागितला. अप्पांनी जागच्या जागी हो म्हटलं. संगणक यायच्या आधी बाईंनी बसस्टँडजवळच्या क्लासमध्ये नाव घातलं. कॉलेजातल्या पोरापोरींच्या मधे त्या पांढरा कोट घडी करून मांडीवर ठेवून बसायच्या. बटणावर बोट ठेवलं की त्या उचलायला विसरायच्या आणि पडद्यावर एकाच अक्षराची रांग लागायची. पोरं हसायची, त्याही हसायच्या. मला म्हणाल्या, "शीर हाताला लागायला मला लई दिवस लागले होते. तेवढे दिवस ह्यालाबी देते."

संगणक आला. औरंगाबादहून आलेल्या माणसानं दात्यांची माहिती ठेवायचा कार्यक्रम त्यात बसवून दिला. आम्ही दोघांनी मिळून सगळी कार्डं आत भरली. अप्पांनी उद्घाटन ठरवलं, पाहुणे ठरवले आणि आदल्या दिवशी स्वतः खोली बघायला आले.

"बाई, ती खोकी तेवढी टाकून द्या," अप्पा म्हणाले. "फोटोत बरी दिसायची न्हाईत."

"हलवते. टाकणार न्हाई."

"कावून? सगळं आत भरलंय म्हणता ना?"

"भरलंय. खरं हाय का ते बघितलं न्हाई अजून." बाई खुर्चीवरून उठल्या. "अप्पा, तुमी माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत घेता. समदी पोती मोजून उतरल्याबिगर पहिल्या गाडीवाल्याला जाऊ देता का?"

अप्पा म्हणाले, "न्हाई देत."

"मग मलाबी मोजू द्या."

उद्घाटन झालं, फोटो निघाला, खोकी पडद्यामागं राहिली. आणि त्यानंतर बाईंनी जे केलं त्याला आमच्याकडं कुणी काम म्हटलं नसतं, खूळ म्हटलं असतं. सुट्टीच्या दिवशी त्या दात्यांच्या घरोघर जाऊ लागल्या. त्यांना न्यायला रफिकभाई असायचे. त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते स्वतः जुने दाते. "बाई, तुमी फक्त बसा, गाडीची जिम्मेदारी माझी," म्हणायचे आणि खरोखरच कुठल्याही बैलगाडीच्या वाटेनं गाडी नेऊन उभी करायचे. मी सायकलवर मागून, नाही तर एसटीनं पुढं.

प्रत्येक दारात बाई त्याच गोष्टी विचारायच्या. इथंच राहतोस का, बोलावलं तर अजून येशील का, आणि निरोप कुठं द्यायचा. काही जण नाही म्हणाले. एका तरण्याताठ्या माणसानं चाचरत सांगितलं की घरचे नको म्हणतात. मी समजूत घालायला तोंड उघडलं, तर बाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. त्याच्यासमोरच त्याचं नाव यादीतून खोडलं, पाणी मागितलं, प्यायल्या आणि निघाल्या. वाटेत मला म्हणाल्या, "जो न्हाई म्हणतो त्याला म्हणू द्यावं. तवाच बाकीच्यांचं हो खरं ठरतं."

नवं आणि जुनं त्या एकदम चालवत होत्या. रक्ताची गरज लागली की आधी संगणकात नाव काढायचं, मग कार्डांत, आणि दोन्ही एकच सांगतात का ते बघायचं. एकदा दोन्हींनी वेगळं सांगितलं. एकाच मोहल्ल्यात दोन शेख बाबू होते, एक फळं विकणारे, एक पत्र्याचं काम करणारे. भरताना आमच्याकडून दोघांचं मिळून एक झालं होतं. एकाचा गट दुसऱ्याच्या नावावर पडला होता. रक्त जुळवताना ते कळलंच असतं, पण तोवर वेळ गेला असता. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी रफिकभाईंना बोलावून विचारलं, हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं.

रफिकभाई म्हणाले, "बाई, आमच्यात बाबू लई. बापाचं नावबी एकच निघंल. आईचं नाव लिहा."

तेव्हापासून संगणकात आईच्या नावाची जागा आली.

आणखी एक जागा त्यांनी मुद्दाम करून घेतली. तपासणीत कधी कुणाला कावीळ निघायची, कधी त्या काळात ज्याचं नाव लोक कुजबुजत घ्यायचे तो आजार. अशा माणसाला बाई आत बोलावून, दार लावून, डॉक्टरांच्या समोर सगळं सांगायच्या आणि कुठं जायचं तेही सांगायच्या. पण संगणकात त्याच्या नावापुढं फक्त एवढंच यायचं, 'सध्या बोलावू नये.' कारण लिहायचं नाही. तापातून उठलेल्यालाही तेच, परगावी गेलेल्यालाही तेच, पोटुशी बाई असेल तर तिलाही तेच. कार्यक्रम बसवून देणारा माणूस म्हणाला, कारण घातलं तर सोयीचं होईल. बाई म्हणाल्या, "आपल्या सोयीसाठी कुणाचं घर बसायला नको."

मोटारसायकलींच्या एजन्सीचा किस्सा त्याच सुमाराचा. एजन्सी अप्पांच्या पुतण्याची. गावोगावच्या धडधाकट माणसांची नावं, पत्ते, फोन, सगळं आमच्याकडं आयतं छापून निघतं असं त्याच्या कानावर गेलं आणि त्यानं अप्पांमार्फत यादी मागवली. अप्पांनी माणूस पाठवला. बाईंनी त्याला रिकामा परत धाडला आणि स्वतः आडतीवर गेल्या. मी सोबत होतो. तराजूवर तुरीची पोती चढत होती, हमाल ये-जा करत होते. बाई गादीच्या कडेला बसल्या.

"बाई, संगणक संस्थेचा हाय," अप्पा म्हणाले.

"हाय की. उद्या उचलून न्या. यादी न्हाई मिळायची."

"पोराचा धंदा हाय. चार लोकांना पत्रं पाठवील, दुसरं काय करणार?"

"अप्पा, त्यांनी रक्त दिलंय. पत्ता न्हाई दिला. पत्ता माझ्यापाशी ठेवायला दिलाय." बाईंचा आवाज चढला नव्हता. "उद्या मी हाक मारली आन् त्यांना वाटलं, ही गाडी विकायला बोलावती, तर येतील का ते?"

अप्पांनी चहा सांगितला आणि पुतण्याचा विषय पुन्हा कधीच निघाला नाही. पुढं तेच दर बैठकीत सांगायचे की आमच्या दवाखान्यातून एक नावसुद्धा बाहेर जात नाही.

इथवर मी हे सगळं नोकरीचा भाग म्हणून बघत होतो. खरं सांगायचं तर, सुट्ट्या मोडतात म्हणून मनात थोडी कुरकुरही होती. मग माझी धाकटी बहीण सुरेखा बाळंतपणाला माझ्याकडं आली.

ऊस तोडणीचे दिवस होते. दुपारी मुलगी झाली आणि त्यानंतर सुरेखाचं रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन रक्त लागेल म्हणाल्या. तिचा गट ए निगेटिव्ह. मी प्रयोगशाळेकडं धावलो आणि सवयीनं खुर्ची ओढली. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू भाईर बस. आज तू भाऊ हायस."

मी दारातल्या बाकावर बसलो. आत बाई एकेका बोटानं बटणं दाबत होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, कार्डं काढा, लवकर काढा. पण पडद्यावर नावं आली. गट जुळणारे, मागच्या वेळेपासून पुरेशी मुदत झालेले, आणि त्या महिन्यात जवळ असणारे. पहिलंच नाव विठ्ठलचं.

हा विठ्ठल लिंबागणेशचा. घरोघर फिरत होतो तेव्हा आम्ही चतुर्थी धरून त्याच्या गावी गेलो होतो. बाईंनी गणपतीचं दर्शन घेतलं आणि मग त्याचं घर शोधलं. कार्डावरचा किराणा दुकानाचा फोन कधीच बंद झाला होता. विठ्ठल घरी नव्हता. त्याचा भाऊ म्हणाला, "तो हंगामात हितं नसतोच बाई. तिकडं तुमच्याकडंच असतो, साखर कारखान्यावर फिटर हाय." बाई तिथंच ओट्यावर बसून हसल्या होत्या. मग हंगामातला ठिकाणा आणि कारखान्याच्या फाटकावरचा फोन त्यांनी लिहून घेतला होता, आणि परत येताना उन्हात एसटीची वाट बघून माझं डोकं उठलं होतं.

फाटकावर फोन लागला. विठ्ठल कारखान्याच्या जीपमधून आला, हाताला वंगण तसंच. बाईंनी त्याला हात धुवायला लावले आणि नमुना घेतला. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"बाई, घ्या ना आता रक्त."

"तपासल्याबिगर न्हाई."

"बाई, सुरेखा हाय ती."

"म्हणून तर न्हाईच," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं मान वळवून पाहिलं नाही. हातातली काचपट्टी हलू द्यायची नव्हती.

तो वेळ कसा गेला ते मला सांगता येत नाही. रक्त जुळलं, बाटली वर गेली. दिवस मावळायच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आता धोका नाही. विठ्ठल तेव्हा लाडू खात बसला होता. "कुणाला लागलं?" त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "एका बाळंतिणीला." नाव त्या कुणालाच सांगायच्या नाहीत. मीच पुढं होऊन त्याचे हात धरले. तो बिचारा गोंधळून गेला आणि म्हणाला, "असू द्या साहेब, असू द्या."

सुरेखाची ती मुलगी आता नोकरीला आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंनी जाहीर केलं की मोजणी पुरी झाली. बरेच दिवस कार्डं आणि संगणक एकच बोलत होते. दर शनिवारी एक छापील प्रत लोखंडी कपाटात कुलपात जात होती. आता कार्डांची गरज नव्हती. शिपायानं रद्दीवाल्याला बोलवायचं सुचवलं. बाई म्हणाल्या, "कुणाच्या तरी भज्यांखाली कुणाचं तरी नाव जायला नको." दवाखान्यामागच्या अंगणात त्यांनी स्वतः कार्डं जाळली, मूठ मूठ करून. शेवटची ठिणगी विझेपर्यंत उभ्या राहिल्या, राखेवर पाणी ओतलं आणि कोट झटकून कामाला लागल्या.

बाई निवृत्त झाल्या आणि सोलापूरला मुलीकडं राहायला गेल्या. फोनवर बोलणं व्हायचं. काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं तेही फोनवरच. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निवृत्तीच्या दिवशी.

सभागृहात शाल, नारळ, भाषणं झाली. सगळे जेवायला गेल्यावर बाई मला घेऊन प्रयोगशाळेत आल्या. शाल अजून अंगावर होती. संगणक चालू करून त्यांनी मला खुर्चीत बसवलं. तो उघडायला एक पासवर्ड लागायचा आणि तो आम्हा दोघांनाच माहीत होता.

"बदल," त्या म्हणाल्या.

"कशाला बाई? तुम्हाला माहीत असला म्हणून काय झालं?"

"उद्यापासून मी हितली न्हाई. ज्याचं काम न्हाई त्याच्याकडं चावी नसावी. बदल. मी तिकडं बघते."

त्या खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. बाहेर दवाखान्याच्या आवारात कुणीतरी बाज टाकून बसलं होतं, दोन लेकरं नळाशी खेळत होती. मी नवा शब्द टाकला. बाईंनी मान वळवली नाही.

"झालं का?"

"झालं बाई."

मग त्या वळल्या, मला उठवलं, स्वतः खुर्चीत बसल्या आणि एकेका बोटानं जुना शब्द टाकला. पडद्यानं त्यांना आत घेतलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश, तोच शब्द टाकून पाहिला. पुन्हा नाही.

बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. संगणक बंद करून त्यांनी त्यावर कापड घातलं आणि चारी कोपरे नीट ओढून घेतले.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "चल, जेवायला. लोक थांबलेत."